अवेळी फुलणाऱ्या बागेची नोंद : पूर्वतयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जानेवारीत मोगरा उमलला, फेब्रुवारीत बहावा पिवळा झाला, ऑक्टोबर संपण्याआधीच आंब्याला मोहोर दिसला, अशा गोष्टी आता दरवर्षी कानावर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतात. ऑक्टोबर २०२४ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला, फेब्रुवारी २०२५ हा तसाच सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि त्याच वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. झाडांवर या सगळ्याचा काहीच परिणाम झाला नसता, तरच नवल वाटले असते. तरीही घरच्या बागेतली बहुतेक निरीक्षणे वाया जातात. फूल दिसल्यावर फोटो काढला जातो, पण त्याआधीच्या सहा ते आठ आठवड्यांत झाडाला पाणी किती मिळाले, छाटणी केव्हा झाली, खत कोणते पडले, थंडी किती होती, यांपैकी काहीच कोणी लिहून ठेवलेले नसते. मग अवेळी फुलोरा हवामानामुळे आला की आपल्याच हाताने आला, हे सांगता येत नाही.

हा लेख घरची बाग, गच्ची किंवा सोसायटीचे आवार सांभाळणाऱ्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. कारण शोधण्याआधी उपाय करू नयेत, आणि तयारी झाल्याशिवाय नोंद सुरू करू नये.

पूर्वतयारी : लागणारे साहित्य

बांधणीची एक जाड वही घ्यावी. मोबाइलमध्ये नोंदी ठेवण्यास हरकत नाही, मात्र फोन बदलला की नोंदी हरवतात, म्हणून मूळ प्रत कागदावर असावी. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि तो ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून तारेने सैल बांधावा. शाईने लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी एका पावसाळ्यात पुसली जाते, आणि घट्ट बांधलेली तार दोन वर्षांत सालीत रुतते.

कमाल-किमान तापमापक आवश्यक आहे. तो सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर टांगावा. पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली किंवा वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागाजवळ लावलेला तापमापक बागेचे नव्हे, तर त्या भिंतीचे किंवा यंत्राचे तापमान दाखवतो. शहराच्या वेधशाळेचा आकडा वर्तमानपत्रातून घेऊन भागवता येईल, असे अनेकांना वाटते. पण एकाच शहरात हे आकडे बरेच वेगळे असतात. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे पाषाण आणि मगरपट्टा येथील किमान तापमानांत काही अंशांचा फरक नेहमी दिसतो. फुलोऱ्याच्या दृष्टीने रात्रीचा गारवा महत्त्वाचा असल्यामुळे तो फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

पर्जन्यमापक विकत मिळतो आणि घरीही करता येतो. सरळ बाजूंची, सर्वत्र सारख्या व्यासाची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवावा. तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची खूण करावी, आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. वेधशाळा सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते. आपणही तीच वेळ पाळावी. २४ तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तरच हवामान विभाग तो दिवस पावसाचा धरतो, आणि घरच्या वहीसाठीही ही सीमा सोयीची आहे.

तपासणी : पर्जन्यमापकावर झाडाची फांदी, छज्जा किंवा कपडे वाळत घालण्याची दोरी येत नाही ना, हे पाहावे. कडेला आडोसा असेल, तर आकडा कमी भरतो.

टप्पा १ : कोणती झाडे निवडावीत

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जास्वंद, सदाफुली, अबोली, तगर आणि बोगनवेल यांची नोंद हवामानाच्या अभ्यासासाठी ठेवण्यात अर्थ नाही. ही झाडे वर्षभर कमीअधिक फुलतात, आणि बोगनवेल तर पाणी तोडले की फुलते. त्यांच्यासाठी "अवेळी" हा शब्दच लागू होत नाही.

ज्यांचा हंगाम ठळक आहे, अशी चार ते सहा झाडे पुरेशी आहेत. मोगरा उन्हाळ्याचा, अनंत वळवाच्या आणि पहिल्या पावसाच्या सुमाराचा, सोनटक्का पावसाळ्याचा, प्राजक्त पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंतचा, शेवंती हिवाळ्याच्या तोंडाची आणि कुंद थंडीचा. आवारात मोठी झाडे असतील, तर बहावा, पळस, काटेसावर, पांगारा, बकुळ आणि आंबा ही उत्तम. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील वाचकांनी सुरंगीला अवश्य स्थान द्यावे. तिचा हंगाम थोडक्या दिवसांचा असल्यामुळे तो सरकला, तर लगेच लक्षात येतो.

निवड करताना दोन अटी पाळाव्यात. पहिली अट अशी, की झाड आपल्याकडे किमान एक पूर्ण वर्ष असलेले असावे. रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले रोप तिथल्या सावलीजाळीत, तिथल्या खतावर आणि विक्रीच्या हिशेबाने वाढवलेले असते. ते घरी आल्यावर भलत्याच महिन्यात फुलले, तर त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. दुसरी अट अशी, की शक्यतो एकाच जातीची दोन झाडे असावीत, एक जमिनीतले आणि एक कुंडीतले. कुंडीतील माती लवकर तापते आणि लवकर सुकते, त्यामुळे कुंडीतले झाड एकटेच अवेळी फुलले, तर कारण मुळांपाशी शोधावे लागते.

टप्पा २ : प्रत्येक झाडाचे माहितीपान

वहीत प्रत्येक झाडासाठी एक पान राखून त्यावर पुढील माहिती एकदाच लिहावी : जात आणि वाण, कलम की बियांपासूनचे रोप, लागवडीचे वर्ष, जमीन की कुंडी, दिवसातून किती तास थेट ऊन मिळते, पाणी देण्याची पद्धत, आणि जवळपास उष्णता किंवा प्रकाश देणारी कोणती वस्तू आहे.

वाणाची नोंद टाळू नये. मोगऱ्याचे एकेरी आणि बटमोगऱ्यासारखे भरगच्च प्रकार एकाच दिवशी फुलत नाहीत. गेल्या वर्षी एका प्रकाराची तारीख लिहिली आणि यंदा दुसऱ्या प्रकाराची, तर ती तुलना पहिल्या दिवसापासून चुकीची ठरते.

रात्रीच्या प्रकाशाकडे तर जवळजवळ कोणीच पाहत नाही. शेवंती आणि पॉइन्सेटिया ही लहान दिनमानाची झाडे आहेत; रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधारी झाली, की त्यांना कळ्या धरण्याची सूचना मिळते. सोसायटीने नवा झगझगीत दिवा बसवला, तर त्याच्या उजेडातील शेवंती उशिरा फुलते किंवा फुलतच नाही, आणि मालक मात्र थंडी कमी पडल्याची तक्रार करतो.

तपासणी : रात्री नऊच्या सुमारास झाडापाशी उभे राहून वर्तमानपत्राची बातमी वाचता येते का, हे पाहावे. येत असेल, तर माहितीपानावर "रात्री उजेड" असे लिहावे आणि दिवा केव्हा बसवला, तो महिना नोंदवावा.

टप्पा ३ : हंगाम ठरवावा, आणि तो सणांवरून ठरवू नये

अवेळी म्हणजे कोणत्या वेळेच्या तुलनेत, हे आधी निश्चित झाले पाहिजे. आपल्याकडे फुलांची आठवण सणांशी जोडलेली असते : शिमग्याला पळस, गौरींना तेरडा, नवरात्रात झेंडू. आठवण म्हणून हे ठीक आहे, पण मोजमाप म्हणून ते दिशाभूल करते. आपले सण तिथीने येतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि ती तूट अधिक महिन्याने भरून निघते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. "मागे गणपतीत प्राजक्ताचा सडा पडायचा, यंदा एक फूल नाही" असे २०२५ मध्ये कोणी म्हणाले असेल, तर २०२३ च्या तुलनेत ती व्यक्ती झाडाकडे २३ दिवस आधी पाहत होती. त्यात प्राजक्ताचा काहीही दोष नव्हता.

झाडाला तिथी कळत नाही. त्याला दिनमान, तापमान आणि ओल कळते, आणि या तिन्ही गोष्टी सूर्याच्या गतीशी बांधलेल्या आहेत. म्हणून इंग्रजी महिन्याची तारीख लिहावी. ज्यांना पारंपरिक गणना हवी आहे, त्यांनी पावसाच्या नक्षत्रांचा आधार घ्यावा, कारण ती सूर्याची नक्षत्रे आहेत आणि मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या आसपासच लागते. केरळात विषू हा सण सौर गणनेने दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर येतो आणि त्या दिवशी बहाव्याचे फूल लागतेच. त्यामुळे बहावा विषूच्या फार आधी फुलून गेला, तर तिथल्या लोकांना ते तत्काळ जाणवते, आणि त्यांच्या त्या आठवणीला तारखेचे वजन असते. आपल्या होळी-गणपतीच्या आठवणींना ते नाही.

मागील वर्षांचा हंगाम ठरवण्यासाठी फोनमधील जुने फोटो उपयोगी पडतात. घरातल्या लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत मागे फुललेला बहावा दिसत असेल, तर तीही नोंदच आहे. असे फोटो गोळा करून प्रत्येक झाडाचा हंगाम एका दिवसाने नव्हे, तर कालखंडाने लिहावा, उदाहरणार्थ "मोगरा, मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत".

सावधान : व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख टिकत नाही, फोनमध्ये दिसते ती तो फोटो उतरवून घेतल्याची तारीख असते. ज्याने फोटो काढला, त्याच्याकडून मूळ फोटोची तारीख विचारून घ्यावी.

टप्पा ४ : साप्ताहिक पाहणी

आठवड्यातील एक वार ठरवावा आणि त्या वारी सर्व निवडलेली झाडे पाहावीत, फुले असोत वा नसोत. या संपूर्ण लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर ती ही आहे : फूल नसल्याचीही नोंद करावी. १० फेब्रुवारीला "कळी नाही", १७ फेब्रुवारीला "कळी आहे, फूल नाही" आणि २४ फेब्रुवारीला "फुले आहेत" अशा तीन ओळी असतील, तर पहिले फूल १७ ते २४ च्या दरम्यान आले, हे खात्रीने सांगता येते. केवळ २४ फेब्रुवारीचा फोटो असेल, तर झाड त्या दिवशी फुललेले होते, एवढेच कळते. ते महिनाभर आधीपासूनही फुललेले असू शकते.

प्रत्येक झाडासाठी पाच अवस्था लिहाव्यात : कळी नाही, कळी दिसते, फुलण्यास सुरुवात, भर बहर, बहर ओसरला. कळी आणि फूल यांचे प्रमाण "नाही, थोडे, पुष्कळ" अशा तीन शब्दांत लिहावे. झाडाच्या एक तृतीयांशापर्यंत फांद्यांवर फुले असल्यास थोडे, त्याहून अधिक असल्यास पुष्कळ. फुले मोजत बसू नये. मोजणी चार आठवड्यांत कंटाळवाणी होते आणि वही बंद पडते.

पाहणीची वेळ झाडाप्रमाणे ठेवावी. प्राजक्त रात्री उमलतो आणि पहाटे गळतो, म्हणून त्याच्या फांद्यांपेक्षा खालची जमीन सकाळी लवकर पाहावी. मोगरा संध्याकाळी उमलू लागतो. ब्रह्मकमळ रात्री उमलून सकाळपर्यंत मिटते. दुपारी पाहणाऱ्याला फक्त लोंबलेली फुले दिसतील.

घरात पूजेसाठी फुले खुडली जात असतील, तर पाहणी करणाऱ्याच्या आधी खुडणाऱ्याचा हात झाडापर्यंत पोहोचतो, आणि हंगामाच्या सुरुवातीची दोन-चार फुले नोंदीतून निसटतात. ही उणीव टाळण्याचा चांगला उपाय म्हणजे खुडणाऱ्या व्यक्तीकडेच वही सोपवणे. आजी, आई किंवा काका, जे कोणी रोज परडी घेऊन बागेत जातात, त्यांची नजर आठवड्यातून एकदा पाहणाऱ्यापेक्षा केव्हाही अधिक विश्वासार्ह असते.

टप्पा ५ : आपल्या हाताची नोंद

हवामानाच्या नोंदीइतकीच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाची नोंद आपण झाडाला काय केले याची असते. वहीच्या उजव्या पानावर पाणी, छाटणी, खत, फवारणी, कुंडीबदल आणि आसपासचे बांधकाम यांच्या तारखा लिहाव्यात.

यांतील पाण्याचा भाग नीट समजून घेतला पाहिजे. लिंबू, डाळिंब आणि पेरू पिकवणारे शेतकरी मृग बहर, हस्त बहर आणि आंबे बहर या वर्षातल्या तीन फुलोऱ्यांपैकी कोणता धरायचा, हे स्वतः ठरवतात. ते ठरलेल्या काळात पाणी तोडून झाडाला ताण देतात. वाढ थांबते, काही पाने पिवळी पडून गळतात, आणि मग खत देऊन पाणी सुरू केले, की झाड नव्या फुटीबरोबर फुलावर येते. हीच क्रिया घरच्या बागेत नकळत घडते. मे महिन्यात कुटुंब दहा-बारा दिवस गावी जाते, कुंडीतले लिंबू कोमेजते, परत आल्यावर भरपूर पाणी मिळते आणि काही आठवड्यांत ते फुलांनी भरते. याला हवामानबदल म्हणता येणार नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे देशातील १९०१ पासूनच्या सर्वांत कोरड्या ऑगस्टमध्ये, जमिनीतले झाड आपोआप ताणात गेले आणि सप्टेंबरच्या पावसाने फुलले असेल, तर तो ताण आकाशाने दिलेला होता. दोन्ही घटनांत झाड सारखेच वागते, फरक फक्त वहीत दिसतो. म्हणूनच "पाणी दिले" एवढे लिहून भागत नाही. पाणी बंद होते, त्या दिवसांची नोंद जास्त महत्त्वाची आहे.

छाटणीचेही असेच आहे. मोगऱ्याला थंडीत विश्रांती देऊन, छाटणी करून आणि नंतर खत-पाणी सुरू करून फुलावर आणतात, कारण त्याची फुले नव्या फुटव्यावर येतात. नोव्हेंबरमध्ये कोणी हौसेने कात्री चालवली आणि थंडी बेताची राहिली, तर मोगरा लवकर फुलणारच. वीजवाहिन्यांसाठी आवारातील झाडांच्या फांद्या तोडल्या जातात, अळ्यांनी झाड निष्पर्ण केले जाते. याही घटना छाटणीसारख्याच धरून लिहाव्यात.

सावधान : नोंद ठेवण्यासाठी निवडलेल्या झाडांवर फुलोरा वाढवणारी संजीवके वापरू नयेत. आंब्याला पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे संजीवक दिले असेल, तर त्याचा परिणाम एका हंगामावर संपत नाही. असे झाड काही वर्षे या यादीतून वगळावे.

टप्पा ६ : अवेळी फूल दिसल्यावर करावयाच्या गोष्टी, याच क्रमाने

एक. काहीही कापू नये आणि काहीही घालू नये. आधी तीन फोटो घ्यावेत : संपूर्ण झाडाचा, फुललेल्या फांदीचा, आणि कळी-फूल स्पष्ट दिसेल असा जवळचा.

दोन. फुलोरा संपूर्ण झाडावर आहे की एकाच भागावर, हे पाहावे. केवळ दिव्याकडची, भिंतीकडची किंवा तोडलेल्या फांदीजवळची बाजू फुलली असेल, तर कारण स्थानिक आहे.

तीन. टप्पा ५ मधील मागील आठ आठवड्यांची पाने वाचावीत. ताण, छाटणी, जास्तीचे खत किंवा कुंडीबदल यांपैकी काही आढळले, तर नोंदीपुढे "हाताचे कारण संभवते" असे स्पष्ट लिहावे. अशी नोंद खोडून टाकू नये. पुढील वर्षी हाताचे कारण नसताना तसेच घडले, तर ती तुलनेला लागेल.

चार. त्याच आठवड्यांचे तापमान आणि पाऊस पाहावा. पावसाळी लिलीसारख्या झाडांत पाऊस आणि फूल यांच्यात थोड्याच दिवसांचे अंतर असते, तर आंब्याच्या बाबतीत मोहोर दिसण्याच्या कितीतरी आधीच्या रात्री निर्णायक ठरतात. प्रत्येक झाडाला एकच मोजपट्टी लावू नये.

पाच. परिसरातील त्याच जातीची निदान तीन झाडे पाहावीत, आणि ती वेगवेगळ्या मालकांची असावीत. चार बागांतले मोगरे एकाच पंधरवड्यात फुलले, तर चौघांनीही एकाच वेळी तीच चूक केली असण्याची शक्यता फार कमी असते. हवामानाचा पुरावा इथून पुढे आकार घेऊ लागतो.

सहा. शेवटी प्रकार ठरवावा. हंगाम लवकर सुरू झाला, उशिरा सुरू झाला, हंगाम संपल्यावर दुसरा बहर आला, की भलत्याच काळात तुरळक फुले आली, या चार वेगळ्या घटना आहेत. तुरळक फुले बहुतेक झाडांवर कधी ना कधी दिसतातच. ऑगस्टमध्ये गुलमोहराच्या एका शेंड्यावर चार फुले दिसली, म्हणून गुलमोहराचा हंगाम बदलला असे लिहिणे अतिशयोक्तीचे आहे.

तपासणी : नोंदीत कारण आणि निरीक्षण वेगवेगळ्या ओळींत आहेत ना, हे पाहावे. "थंडी न पडल्यामुळे मोगरा फुलला" असे लिहू नये. "२० जानेवारी, मोगरा, फुलण्यास सुरुवात, थोडे" ही एक ओळ आणि "मागील सहा आठवड्यांत किमान तापमान अमुक अंशांखाली गेले नाही" ही दुसरी ओळ, असे लिहावे. निष्कर्ष वर्षाअखेरीस काढायचा आहे.

टप्पा ७ : झाडाची काळजी

नोंद पूर्ण झाल्यावरच झाडाकडे उपचाराच्या दृष्टीने पाहावे. बहुतेक झाडांना काहीही करण्याची गरज नसते. अवेळी फुललेल्या मोगऱ्याला फुलू द्यावे, फुले ओसरल्यावर टोके हलकेच खुडावीत, आणि नेहमीची मोठी छाटणी कळ्या असताना करू नये. "आता फुललाच आहे, तर खत घालून बहर वाढवू" हा मोह टाळावा. अवेळी फुलण्यात झाडाचा साठा खर्च झालेला असतो, आणि त्यावर नत्राचा मारा केल्यास पाने वाढतात, मऊ फुटव्यावर मावा आणि फुलकिडे येतात, आणि मूळ हंगाम हातचा जातो.

आंब्याला मात्र लक्ष द्यावे लागते. आंब्याची पक्व काडी, म्हणजे जून झालेले फांदीचे टोक, रात्रीच्या गारव्याने फुलाकडे वळते. पावसाळा लांबून नवी पालवी उशिरा आली, तर ती काडी थंडीपर्यंत पक्व होत नाही आणि मोहोर मागे पडतो; उलट मोहोर आधीच आला आणि त्यावर अवकाळी पाऊस किंवा ढगाळ हवा आली, तर करपा, भुरी आणि तुडतुड्यांचा उपद्रव वाढतो. कोकणातील हापूसला आणखी एक अडचण भेडसावते : फळधारणा झाल्यानंतर थंडी पुन्हा वाढली, की त्याच काडीवर दुसरा मोहोर येतो आणि आधीची लहान फळे गळतात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात. दारातल्या एकदोन झाडांसाठी औषधांच्या मागे न लागता, काळा पडलेला मोहोर काढून दूर नष्ट करावा, झाडाच्या आत हवा खेळू द्यावी, आणि फवारणी करायचीच असेल, तर औषध आणि प्रमाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये. परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या त्यात मरतात. तीन-चार वर्षांपेक्षा लहान कलमावर केव्हाही मोहोर आला, तरी तो खुडून टाकावा.

शेवंती उशिरा फुलत असेल, तर प्रथम दिवा झाकावा किंवा कुंडी हलवावी. मात्र कुंडी हलवल्यास ती तारीख माहितीपानावर लिहिलीच पाहिजे, कारण त्या दिवसापासून ते झाड नव्या जागेचे झाले.

टप्पा ८ : वर्षाअखेरची तुलना

तारखांची वजाबाकी सोपी व्हावी म्हणून प्रत्येक तारखेला वर्षातील दिवसाचा क्रमांक द्यावा. १ जानेवारी हा पहिला दिवस धरल्यास २० फेब्रुवारी हा ५१ वा आणि १५ मार्च हा ७४ वा दिवस येतो. एका वर्षी पहिले फूल ७४ व्या दिवशी आणि दुसऱ्या वर्षी ५१ व्या दिवशी आले असेल, तर हंगाम २३ दिवस आधी सुरू झाला. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरच्या तारखांचा क्रमांक एकाने वाढतो, हे विसरू नये.

प्रत्येक झाडाचे तीन आकडे लिहावेत : सुरुवात, भर बहर आणि अखेर. केवळ सुरुवात पाहणे फसवे असते. एखादे वर्ष असे येते, की पहिले फूल महिनाभर आधी दिसते, पण भर बहर नेहमीच्याच दिवसांत येतो. हंगाम सरकला असे तेव्हा म्हणता येत नाही. तो लांबला, इतकेच म्हणता येते.

किती वर्षांच्या नोंदीवरून बोलावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हवामानशास्त्र सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ धरते, आणि सध्या १९९१ ते २०२० हा काळ आधारभूत मानला जातो. घरच्या बागेला इतकी वाट पाहणे शक्य नसले, तरी एका वर्षाच्या वेगळेपणाला त्या वर्षाची हवा म्हणावे, हवामानबदल म्हणू नये. सात-आठ वर्षांच्या सलग नोंदीत तारखा एकाच दिशेने सरकताना दिसल्या, हाताची कारणे वगळूनही त्या तशाच राहिल्या, आणि शेजारच्या बागांतही तेच आढळले, तर ठामपणे बोलावे. तशी नोंद फार थोड्यांकडे असते, आणि म्हणूनच ती मोलाची असते.

आपल्या नोंदी एकट्याने ठेवण्यापेक्षा मोठ्या प्रयत्नात मिळवाव्यात. सीझनवॉच हा देशव्यापी उपक्रम २०१० पासून सामान्य नागरिकांकडून झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या साप्ताहिक नोंदी गोळा करतो, आणि बहावा, आंबा, फणस, चिंच अशी आपल्या आवारातली झाडे त्यात आहेत. बागेतील मोगरा-कुंदाच्या नोंदींसाठी सोसायटीत किंवा गल्लीत चार घरांनी मिळून एकच वार आणि एकच तीन शब्दांची श्रेणी ठरवली, तरी तुलना शक्य होते. घर बदलताना वहीची एक प्रत नव्या मालकाला झाडांच्या क्रमांकासह द्यावी, आणि आपण नेलेल्या कुंड्यांची नोंद नव्या पत्त्यावर नव्या माहितीपानापासून सुरू करावी. जुन्या जागेच्या तारखा त्यात मिसळू नयेत.